कानतुटका पिळ्ळैयार

माझ्या ओट्यावर बसलं की नाकासमोर देऊळ. देऊळ म्हणजे काय, चार माणसं आत शिरली की पाचव्यानं बाहेर ताटकळायचं, एवढंसं. दगडी भिंती, कोण्या जुन्या काळच्या. कळसाच्या फटीत पिंपळाचं रोप उगवतं, ते आम्ही दर वर्षी उपटतो आणि ते दर वर्षी परत येतं. पण आमच्या मेलकरिसल गावात या देवळाला विचारल्याशिवाय कुणी काही करत नाही. विहीर खणायची असो, बैल आणायचा असो, पोराला शाळेत घालायचं असो, आधी इथे येऊन नारळ आपटायचा, कान धरून उठाबशा काढायच्या, मग पुढचं. मी त्याच ओट्यावर फुलं, नारळ, कापूर विकते. त्यामुळे गावात कुणाच्या मनात काय शिजतंय ते आधी मला कळतं आणि मग देवाला.

देव म्हणजे सोंडवालाच. गणपती म्हणा, विनायक म्हणा. आम्ही पिळ्ळैयार म्हणतो, म्हणजे पोरगेराव. आमच्याकडे तो बिनलग्नाचा. तळ्याकाठी, विहिरीकाठी बसून पाण्याला येणाऱ्या बायका बघतो आणि आईसारखी बायको शोधतो म्हणे. शोध बाबा, सापडली की कळव!

आणि एक गोष्ट आमच्या मुलखात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. विकत आणलेला पिळ्ळैयार ढिम्म बसून राहतो. चोरून आणलेला मात्र पहिल्या दिवसापासून कान देतो. पण चोरी म्हणजे चोरीच हवी. मागून आणलेला चालत नाही, कुणी हौसेनं दिलेला तर मुळीच नाही. ज्यांचा गेला त्यांनी रडावं, शिव्या घालाव्यात, रिकाम्या चौथऱ्यावर दिवा लावावा आणि अंगात धमक असेल तर चोरून परत न्यावा. पोलिसांत कुणी जात नाही. स्वतःचा देव सांभाळता आला नाही हे काय चावडीवर सांगायचं?

तर आमचा पिळ्ळैयारही चोरीचाच होता. आणि तो माझ्या माहेरचा होता.

माझं माहेर पुळियडी, इथून तीन कोसांवर. तिथे तळ्याकाठी मोठ्या चिंचेखाली तो बसायचा. गुडघाभर उंच, काळा कुळकुळीत. लहानपणी मी चिंचा पाडायला दगड मारला तो थेट त्याच्या डाव्या कानावर बसला आणि कानाचं टोक उडालं. मी नऊ वर्षांची, मुत्तु आठचा. मुत्तु माझा पाठचा भाऊ. आम्ही दोघांनी ते टोक मेणानं चिकटवायचा खटाटोप केला, पण ते काही टिकलं नाही. संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "कुणी केलं हे?" मी मुत्तुच्या मागे सरकले. मुत्तु म्हणाला, "मी." त्या दिवशी त्यानं जो मार खाल्ला, तो अजून माझ्या पाठीवर दुखतो.

एकोणिसाव्या वर्षी मला बघायला मेलकरिसलची मंडळी आली. तोंडाला कुलूप लावायचं मला जन्मात जमलं नाही. होणाऱ्या नणंदेला मी तळं दाखवायला नेलं आणि टकळी सुरू केली. "आमच्या पिळ्ळैयारला दारच नाही, कुलूप कुठलं! पुजारी सकाळी येतो. दुपारी इथे काळं कुत्रंही नसतं." नणंदेनं ऐकलं आणि घरी जाऊन आपल्या भावाला सांगितलं. हा भाऊ म्हणजे आमचे हे. त्यांच्या गावानं तेव्हा नुकतंच हे पडकं देऊळ दुरुस्त केलं होतं आणि आत बसायला कुणी नव्हतं.

लग्नाला चार दिवस उरले असताना भर दुपारी पिळ्ळैयार गेला. पुळियडीत रडारड झाली. अप्पा म्हणाले, लग्न थांबवायचं नाही, मुलीचं नशीब वेगळं आणि देवाचं वेगळं. लग्नात नवरदेव अग्नीभोवती लंगडत फिरले. माझ्या आत्या कुजबुजल्या, "पोरगा लंगडा आहे, सांगितलं नाही हो आधी!" सासूबाई म्हणाल्या, नव्या वहाणा चावल्या. मी खाली मान घालून त्यांचा पाय बघत होते. अंगठा वांग्यासारखा सुजला होता. वहाण चावली तर अंगठा कसा सुजेल, असं मनात आलं. पण नव्या नवरीनं विचारायचं कसं?

सासरी पहिल्या शुक्रवारी मला तेलाची वाटी देऊन देवळात पाठवलं. मी आत गेले, चंदन पुसलं आणि पाहते तर डाव्या कानाचं टोक नाही! वाटी हातातून पडली. बाहेर येऊन ह्यांना विचारलं, "हा कुठून आणला?" तर म्हणे, "तळ्यात सापडला." मी म्हटलं, "तळ्यात सापडणारे देव लंगडत येतात का?" ते उठले आणि बैलाला पाणी पाजायला गेले. बैल तेव्हा शेतावर होता.

मी तरी काय करणार होते? माहेरी सांगितलं तर दोन्ही गावांत काठ्या निघतील. आणि सांगणार काय, की माझ्याच जिभेनं गेला? तेव्हापासून रोज सकाळी रुईच्या फुलांची माळ मी अशी घालायचे की डावा कान झाकला जाईल. पंधरा वर्षं तो कान झाकला मी. लोक म्हणायचे, "पेच्चियम्मा काय सुरेख माळ घालते!"

पहिल्या दिवाळीला मुत्तु मला आणि ह्यांना, म्हणजे त्याच्या अत्तानना, त्याच्या दाजींना, न्यायला आला. ओट्यावर बसला, समोर देवळाकडे बघितलं. मी पाण्याचा तांब्या आणला. त्यानं हात मागे घेतला.

"अक्का, पुळियडीचा पिळ्ळैयार पुळियडीत बसेपर्यंत मी या गावचं पाणी पिणार नाही."

"का रे? या गावानं काय केलं?"

"या गावाचं नाही म्हणत. माझा नवस आहे," म्हणाला आणि उठला. त्यानंतर तो माझ्या दारी आला नाही. माहेरी गेले की भेटायचा, हसायचा, माझ्या पोरांना खांद्यावर घेऊन फिरायचा. पण इथे नाही म्हणजे नाही.

आता सांगा, आमच्याकडे पोराचे कान टोचतात ते मामाच्या मांडीवर. आणि टोचायचे ते बापाच्या गावच्या देवासमोर. माझ्या थोरल्या दोघांच्या वेळी मामा उसना आणावा लागला. एक लांबचा चुलतभाऊ होता. थोरल्याच्या वेळी सोनाराची सुई पाहून तोच घेरी येऊन पडला, धाकट्याच्या वेळी धाकट्यानं त्याचं नवं धोतर ओलं केलं. सासूबाई दर वेळी चार बायकांत म्हणायच्या, "हिला भाऊ आहे हो. पण सणाला काढायच्या भांड्यासारखा, माळ्यावरच असतो." बायका हसायच्या. मी पण हसायचे आणि आत जाऊन चुलीत फुंकर घालायचे, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला धुराचं निमित्त मिळायचं.

मग बऱ्याच वर्षांनी वळ्ळी झाली. तिसरी, शेवटची, मुलगी. ती तीन वर्षांची झाल्यावर पोंगल उरकून कान टोचायचं ठरलं. मी ह्यांच्यासमोर उभी राहिले.

"मुत्तुची मांडी मिळाली तर हिचे कान टोचायचे. नाहीतर बुच्चीच राहू दे पोरगी."

"तो येतो कुठे? त्याचा नवस आहे ना."

"मग नवस फिटू दे. देऊन टाका त्यांचा देव."

ह्यांनी कानांवर हात ठेवले. "अगं, देव कधी देतात का? दिला तर तिथे तो मुका होईल आणि इथे गाव माझी कातडी सोलेल!"

"म्हणजे चोरीचाच आहे ना?"

"मी कुठे तसं म्हणालो?" आणि गेले बैलाला पाणी पाजायला. बैल विकून दोन वर्षं झाली होती.

त्या रात्री मी विचार केला. देता येत नाही. मागता येत नाही. चोरता मात्र येतो. सकाळी उठून एक कार्ड घेतलं आणि मुत्तुला पत्र लिहायला बसले. सवयीनं सगळ्यात वर पिळ्ळैयारचं वळण, त्याच्या नावाची छोटीशी खूण, काढलं. काहीही लिहायला घेतलं की आम्ही ते आधी काढतोच, किराण्याची यादी असली तरी. काढलं आणि माझी मलाच लाज वाटली. बाबा रे, तुझ्याच चोरीचा बेत लिहायचाय आणि वर तुझीच परवानगी! मग लिहिलं, "तंबी, येत्या शुक्रवारी मोठ्या देवळाचा रथ आहे. दुपारी सारं गाव तिकडे जाईल. देवळाची चावी माझ्या फुलांच्या टोपलीत असते. माझ्या वळ्ळीला मामाची मांडी हवी आहे. पुढचं तुला समजतं. तुझी अक्का."

शुक्रवार उजाडला. आमचे गावकारभारी करुप्पैया तात्ता, ऐंशीचे, काठी टेकत दारोदार फिरले. "चला रथाला! एकानंही मागे राहायचं नाही! म्हाताऱ्यांनाही न्या, आंधळ्यांनाही न्या!" एवढी कळकळ त्यांनी आजवर कधी दाखवली नव्हती. मला काय, बरंच झालं. ह्यांनाही मी डबा देऊन पाठवलं. वळ्ळीला झोपवलं आणि ओट्यावर माळ ओवत बसले. तीन माळा ओवल्या, तिन्ही उलट्या.

दुपारी केळ्यांनी भरलेला एक टेम्पो आला. त्यातून मुत्तु उतरला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, सोबत दोन दांडगे गडी. पंधरा वर्षांनी माझा भाऊ माझ्या दारात उभा होता आणि माझ्याकडे बघतही नव्हता. चोरानं वागावं तसं अगदी चोख वागत होता.

"ओ बाई, केळी हवीत का?"

"कच्ची आहेत तुमची केळी," मी म्हटलं. "फुलं घ्या. टोपलीत हात घालून निवडून घ्या."

त्यानं टोपलीत हात घातला, चावी घेतली. तिघं आत गेले. आतून कण्हण्याचे आवाज येऊ लागले. देव गुडघाभर, पण दगडाचा आणि पंधरा वर्षं मोदक खाल्लेला, हलतोय कशाला! शेवटी एकदाचे त्याला उचलून उंबऱ्यापर्यंत घेऊन आले. एका गड्यानं पुढून सोंडेला हात घातला. तेवढ्यात पलीकडच्या कडब्याच्या गंजीतून कोणीतरी बाण सुटल्यासारखं धावत आलं. डोक्यात कडबा, धोतराला कडबा. आमचे हे!

"अरे गाढवांनो, सोंडेला नको! सोंडेला धरू नका! बैठकीखालून दोर घाला! मागच्या वेळी आम्ही सोंडेला धरला आणि तो सटकून माझ्या अंगठ्याव..."

आणि थांबले. जीभ बाहेर तशीच. दोन्ही गडी देव धरून उभे. मी सुई धरून उभी. गल्लीत एक कोंबडी काय ती चालत होती.

"डाव्या पायाच्या," मुत्तु म्हणाला.

"काय?"

"डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडला तो, अत्तान. तुमच्या बरोबर दोघं होते. एकाचा शर्ट पिवळा होता. तुम्ही तोंडात टॉवेल कोंबून चिंचेखाली गोल गोल नाचलात. मी वर फांदीवर होतो. चिंचा काढत."

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ओट्यावरून मी कधी खाली उतरले ते मलाच कळलं नाही.

"तू पाहिलंस?" मी मुत्तुचा दंड धरला. "सगळं पाहिलंस? मग ओरडला का नाहीस, मेल्या?"

"ओरडणारच होतो. तोंड उघडलं होतं." त्यानं डोक्यावरचा टॉवेल काढला. पुढे केस पांढरे व्हायला लागले होते त्याचे, तिशी नुकती कुठे उलटलेली. "मग अत्तानचा चेहरा ओळखला. घरी तुझ्या अंगाला हळद लागत होती, अक्का. ओरडलो असतो तर गाव काठ्या घेऊन धावलं असतं आणि तुझं लग्न तिथेच मोडलं असतं. म्हणून जीभ चावून बसलो. देव माझ्या डोळ्यांदेखत गेला आणि मी गप्प. मग तुझ्या ओट्यावर, तोच समोर बसलेला असताना, कुठल्या तोंडानं पाणी पिऊ? मला शिक्षा नको?"

मी, जिला गाव टकळी म्हणतं, त्याच्या खांद्यावर डोकं टेकून भर रस्त्यात भोकाड पसरलं. पहिल्या वेळी माझ्यासाठी पाठ सोलून घेतली होती यानं, दुसऱ्या वेळी पंधरा वर्षांची तहान. आणि मी त्याला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या!

"ताई, जड आहे हो," आतला गडी म्हणाला. "रडणं नंतर करता का?"

आमचे हे पुढे झाले. दोर बैठकीखालून घातला, गाठ मारली, फळी लावली. "डावीकडून... हळू... कान सांभाळा, आधीच तुटका आहे." आणि मधे मधे, कुणी दोष देऊ नये म्हणून, हळू आवाजात, "चोर, चोर. पकडा, पकडा." देव केळ्यांत नीट बसला. टेम्पो सुटला तसे ते दहा पावलं मागे धावलेही. परत येऊन मला बजावलं, "लक्षात ठेव, मी दिला नाही. मी पाठलाग केला."

संध्याकाळी गाव परतलं. देवळात रिकामा चौथरा. मी आणि हे खाली मान घालून उभे. करुप्पैया तात्ता आत गेले, चौथऱ्यावर हात फिरवला, बाहेर आले.

"गेला का?"

"गेला, तात्ता," मी म्हटलं.

"हं. सूनबाई, पुढच्या वेळी चोरीचा बेत पाकिटात घालून पाठव. कार्ड पोस्टमन वाचतो. आणि या पोस्टमनचा आवाज तुला ठाऊकच आहे, पारावर बसून सगळ्यांना वाचून दाखवलं त्यानं."

सगळं गाव खो खो हसायला लागलं. म्हणजे आमचे हे सोडून एकूण एक माणूस, म्हातारे-आंधळे धरून, माझ्यासाठी उन्हात रथाला गेला होता!

"पंधरा वर्षं ऐकलं त्यानं आपलं," तात्ता म्हणाले. "पण या पोरीची मुलं उसन्या मांडीवर बसतात ते त्याला कसं आवडेल? आणि आता त्याची दोनदा चोरी झालीय. म्हणजे काय तेज चढलं असेल! दिवा लावा रे चौथऱ्यावर."

बारा दिवसांनी मुत्तु आला. भर सकाळी, वाजतगाजत. पुढे सनईवाला, मागे माहेरच्या सात बायका, डोक्यावर फळांची, नव्या कपड्यांची, तांदळाची ताटं. वर एक छोटीशी डबी, तिच्यात वळ्ळीच्या कानातली सोन्याची फुलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "अत्तै, माळ्यावरचं भांडं उतरलं हो." त्या म्हणाल्या, "चांगलं घासूनपुसून आलंय की!"

देवळासमोर मांडव घातला होता. आत देव नव्हता, दिवा होता. मुत्तु पाटावर बसला आणि त्यानं वळ्ळीला मांडीवर घेतलं. जावळ काढून तुळतुळीत डोक्याची, चंदन फासलेली वळ्ळी त्याच्या मिशा ओढत होती. सोनारानं डावा कान धरला. वळ्ळीनं एकच किंकाळी फोडली आणि मामाच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. मामानं हूं की चूं केलं नाही. डोळ्यांतून मात्र धार लागली होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, पोरीचे कान टोचले की मामाचे?"

दोन्ही फुलं घातली. तात्ता काठी टेकत मुत्तुजवळ येऊन बसले, अगदी साळसूदपणे.

"काय पाहुणे, आता कुलूप लावता की नाही तिकडे?"

"लावतो ना, तात्ता. आता जाळीचं दार केलंय, कुलूप चांगलं पितळी आहे."

"आणि चावी?"

"चावी आईजवळ." मुत्तुनं माझ्याकडे एक डोळा बारीक करून बघितलं. "आई दुपारी जेवली की गाढ झोपते. काळं कुत्रंही नसतं तेव्हा तिकडे."

तात्तांनी मान डोलावली आणि हळूच आमच्या ह्यांच्या पायांकडे पाहिलं. हे दोन्ही अंगठे धोतराखाली ओढून घेत म्हणाले, "या वेळी दुसरा कोणीतरी पाठवा."

मग मुत्तु उठला. वळ्ळी त्याच्या खांद्यावर झोपली होती, हुंदके देत. तो सरळ चालत माझ्या ओट्यावर आला, जिथे पंधरा वर्षांपूर्वी बसला होता तिथेच बसला. समोर देवळात दिवा जळत होता.

"अक्का," तो म्हणाला, "पाणी दे."

मी तांब्या भरून आणला. त्यानं एका दमात रिकामा केला आणि परत पुढे केला. मी परत भरला. तिसऱ्यांदा पुढे केला तेव्हा मी म्हटलं, "अरे, जेवायला जागा ठेव की." तो म्हणाला, "तू भर."